आणि पार्टी

मागच्या वर्षी पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आमच्या पार्टीत बँजो वाजवणाऱ्या मास्टरची मुलगी बिलोलीहून लातूरला माझ्या घरी आली. मी तिला पाहिलं होतं ते ती फ्रॉक घालायची तेव्हा. आता तिच्याच कानांजवळचे केस पांढरे झालेले. अंगणवाडीत शिकवते. हातात कापडी पिशवी होती. पाणी पिऊन झाल्याबरोबर तिने पिशवीतले कागद काढून टीपॉयवर एकेक करून मांडले.

सगळे आमच्याच गायन पार्टीचे होते. जयंतीच्या कार्यक्रमांची गुलाबी-पिवळी हँडबिलं, तीन कॅसेटची कव्हरं, पेपरातलं एक कात्रण. प्रत्येकावर माझं नाव मोठ्या अक्षरात, कुठे कुठे फोटोसकट. त्याच्या खाली बारीक अक्षरात दोन शब्द: आणि पार्टी.

"चाचा, अब्बांनी म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरलाय," ती म्हणाली. "पुरावा मागून राहिलेत. मी हे समदं घेऊन गेले. साहेब चांगला माणूस हाय, एकेक कागद उलटून पाहिला त्यानं. म्हणला, बाई, यात तुमच्या वडलांचं नाव कुठंय? मी म्हणलं, हे 'आणि पार्टी' लिहिलंय न, ते अब्बा. तर म्हणला, पार्टी नावाच्या माणसाला मानधन देता येत न्हाई."

सांगता सांगता ती हसली. मीही हसलो.

"पैशाचं लई काही न्हाई, चाचा. माझ्या पगारात भागतं. त्यांना ते कार्ड पाहिजे, कलावंत म्हणून. बिलोलीत समदे त्यांना मशीनवाले म्हणतात. नातवंडं विचारतात, नाना, तुम्ही खरंच वाजवत होते का? आता तर वाजवूनबी दाखवता येत न्हाई, उजवा हात लकव्यानं गेलाय. तुम्ही दोन ओळी लिहून द्या. तुमच्या सहीला मान हाय."

माझ्याकडे पार्टीचं जुनं लेटरहेड अजून होतं. मी कपाटातून एक कागद काढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, की हे गृहस्थ माझ्या गायन पार्टीत अधूनमधून बँजोची साथ करीत असत. खाली सही केली.

'अधूनमधून' लिहिताना माझं पेन अडखळलं नाही. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर कुणाला वाटेल की म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं नसेल. मास्टर माझ्या पार्टीत सत्तावीस वर्षं होता. सत्तावीस वर्षांत त्याने एकही कार्यक्रम चुकवला नाही. बाप वारला त्याच्या चौथ्या दिवशी तो उमरीला वाजवायला हजर होता. लिहिताना मला हे सगळं आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच तो शब्द सुचला.

मुलीने कागद वाचला. त्या शब्दाशी तिचं बोट जरा थांबलं. मग तिने कागदाची घडी घातली, "बरं चाचा" म्हणाली, आणि चहा अर्धा ठेवून बसस्टँडवर जायला निघाली.

*

मी नांदेडजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो. आवाजाची देणगी होती, हे मी आजही नाकारणार नाही. आमच्या वस्तीत जयंतीला गायलो, मग शेजारच्या गावाने बोलावलं, मग तालुक्याने. पेटी माझीच, गाणीही मीच लिहायचो. ढोलकीवाला एक, मागे कोरसला दोघं, अशी पार्टी जमली. बँजोवाला टिकत नव्हता.

आमच्याकडे ज्याला बँजो म्हणतात ते गिटारसारखं वाद्य नाही. लांबट लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटनं, उजव्या हातात तारा छेडायची छोटी नखी. मास्टरचं जुन्या नांदेडात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या आजोबांपासून घराण्यात हेच काम. मशीन, घड्याळं, कुलपं. त्याचा बँजो त्याने स्वतः बनवलेला, आणि भंगारातून आणलेल्या टाइपरायटरची खरी बटनं त्याला बसवलेली. अक्षरंही पुसली नव्हती. कुणी हसलं तर म्हणायचा, "अर्ज लिहायला होतोय, गाणं वाजवायला होतोय. एका सामानात दोन कामं."

मी बायकोचं मशीन दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. तो आत बसून वाजवत होता. मी दारात उभा राहून ऐकत राहिलो. शेवटी त्यानेच मान वर केली.

"मशीन दाखवायला आले का गाणं ऐकायला?"

"दोन्ही."

"मशीनचे पैसे लागतील," तो म्हणाला. "गाण्याचं बघू."

पुढच्या महिन्यात तो पार्टीत आला. पहिला कार्यक्रम कंधारकडच्या एका गावात होता, दुपारी चारला, शाळेच्या पटांगणात. माझं वहीचं गाणं तेव्हा नवं होतं. बापाने मुलीसाठी पहिली वही आणली, त्याचं गाणं. पहिलं कडवं झालं आणि मधल्या जागेत मास्टरने तुकडा वाजवला. मोठा नव्हता, ढोलकीच्या चार आवर्तनांचा. तुकडा संपला आणि टाळ्या पडल्या. माणसं उठून उभी राहिली, पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी दुसऱ्या कडव्यासाठी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

त्या दिवसापासून मी जळायला लागलो. याला दुसरा शब्द नाही. वीस वर्षं मी त्याला स्वाभिमान म्हणालो, शिस्त म्हणालो, पार्टीचं हित म्हणालो. पण पोटात जे व्हायचं ते जळणंच होतं. गाणं माझं, आवाज माझा, शाळेतून रजा काढून पायपीट करणारा मी, आणि लोकांची मान वळायची ती बटनं दाबणाऱ्याकडे. बायाबापड्या माझ्या पाया पडायच्या आणि पाया पडून झाल्यावर विचारायच्या, "तो बाजावाला कोण हो?"

मी साध्या साध्या खोड्या सुरू केल्या. त्याचा तुकडा पुरा व्हायच्या आत कडवं उचलायचो. लोकांच्या टाळ्या हातातच राहायच्या. तो पुढच्या कार्यक्रमापासून तुकडा दोन आवर्तनांचा करायचा, आणि त्या दोन आवर्तनांतच सगळं बसवायचा. मग मी पट्टी बदलायला लागलो. ठरलेलं असायचं एका स्वरात, आणि गाणं सुरू करताना मी पेटीवर दुसऱ्याच स्वरात हात घालायचो. पेटीवाल्याला पट्टी बदलायला काही लागत नाही. बँजोवाल्याला सगळ्या तारा पुन्हा लावाव्या लागतात, चारचौघांसमोर, मान खाली घालून, खुंट्या पिळत. ते पाहायला मला बरं वाटायचं. दोन-तीनदा असं झालं. चौथ्या वेळी तो दोन बँजो घेऊन आला. एक या पट्टीत लावलेला, एक त्या. मी स्वर बदलला तसा त्याने हातातला बाजूला ठेवून दुसरा मांडीवर घेतला. लोकांना वाटलं ही पण कलाच आहे. टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या.

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, कार्यक्रम पडला का? मी म्हटलं, लई रंगला.

*

माझ्या गुरूंनी आम्हाला एक पद्धत घालून दिली होती. वंदना झाली की पहिल्या गाण्याआधी गायकाने उभं राहून साथीदारांची ओळख करून द्यायची. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि गाव. ढोलकी, बँजो, कोरस, कुणी राहायचं नाही. गायकाने स्वतःचं नाव मात्र स्वतः घ्यायचं नाही. ते शेवटी ढोलकीवाला घेणार. मराठवाड्यातल्या जुन्या पार्ट्या हे पाळायच्या. आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, म्हणून गुरूंचा यावर फार कटाक्ष होता.

मास्टरचं नाव घेतलं की आवाज व्हायचा. मंडपाच्या मागच्या टोकापासून. सुरुवातीला मी त्याचं नाव शेवटी घ्यायचो, तर तोवर लोक वाटच पाहायचे. मग मी ते आधी घेऊन टाकायला लागलो, माइक जरा लांब धरून. तरी आवाज व्हायचा. आणि माझं नाव ढोलकीवाला घ्यायचा तेव्हा व्हायचा तो आवाज मी मनातल्या मनात त्याच्याशी ताडून पाहायचो.

एका जयंतीला, बिलोलीच्या कार्यक्रमात, वंदना झाली आणि मी सरळ गाणं सुरू केलं. एक नाव झाकायचं म्हणून मी चारही नावं खाऊन टाकली.

मधल्या चहाच्या वेळी ढोलकीवाला जवळ आला. "गुरुजी, आज आमची नावं राहिली की."

"वेळ कमी आहे. लोकांना गाणं ऐकायचंय."

"दोन मिनिटं लागतात हो."

"तुला गाणं वाजवायचंय की नाव ऐकायचंय?"

तो ढोलकीकडे परत गेला. मास्टर पलीकडे बशीत चहा ओतून पीत होता. त्याने ऐकलं. बशी खाली ठेवली, खिशातून फडकं काढलं आणि बटनं पुसत बसला. चहानंतर पुन्हा सुरू करताना ढोलकीवाल्याने माइक ओढून घेतला आणि पद्धतीप्रमाणे माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, गाव, वर 'आमचे गुरुजी'. मी हात जोडून लोकांना नमस्कार केला.

तेव्हापासून आमच्या पार्टीत ओळख बंद झाली. मी हँडबिलाच्या प्रेसवाल्यालाही सांगितलं, नावं भारंभार छापू नका, वाचायला किचकट होतं. 'आणि पार्टी' टाका.

*

आता चालींचं सांगतो.

गाणी माझी होती. चाली त्याच्या होत्या. मी शाळा सुटली की सायकलवरून त्याच्या दुकानात जायचो आणि कागद पुढे ठेवायचो. तो दातांत स्क्रूड्रायव्हर धरून वाचायचा. गिऱ्हाईक समोर उभं असायचं. "थांबा हो मावशी, तुमचं मशीन काय पळून जाईना," म्हणायचा आणि बँजो ओढायचा. एक ओळ वाजवायचा, नाक मुरडायचा, दुसरीकडून धरायचा. कधी कधी तो माझा शब्दही बदलायला लावायचा. "गुरुजी, हितं एवढा लांब शब्द कशाला? ओझं उचलल्यावानी वाटून राहिलंय." आणि तो बरोबर असायचा. मी घरी जाऊन तो शब्द बदलायचो आणि तो बरोबर होता म्हणून त्याच्यावर अजून चिडायचो.

लातूरला एका मोठ्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापकांनी माइकवर मला विचारलं, "वहीच्या गाण्याची इतकी गोड चाल कुणाची?" मी म्हणालो, "शब्द आणि चाल, दोन्ही माझं." मास्टर माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदा बोललो ते बोललो, मग मागे कसं फिरायचं? पुढे कॅसेट निघाल्या तेव्हा कव्हरवर 'गीत, संगीत, स्वर' असं लिहून खाली माझं एकट्याचं नाव आलं.

लातूरहून परतताना जीपमध्ये तो माझ्याशेजारी होता. मी वाट पाहत होतो की आता बोलेल. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. अहमदपूर सोडल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, वहीचं गाणं फुडच्या वेळी अर्ध्या स्वरानं खाली घ्या. वर तुमचा आवाज फाटून राहिलाय."

बस, इतकंच. आणि त्याही वेळी तो बरोबर होता.

यापुढचं मला लिहायला सगळ्यात जड जातं. उदगीरला एका मेळाव्यात मुंबईकडचे एक मोठे गायक आले होते. त्यांनी मास्टरला ऐकलं. आमच्यात एक रीत आहे, दुसऱ्याच्या पार्टीतला वाजवणारा हवा असेल तर त्याला थेट विचारत नाहीत, पार्टीप्रमुखाला विचारतात. ते गायक मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा बँजोवाला आम्हाला वर्षभरासाठी द्या. रेकॉर्डिंगला बसवतो. त्याचं भलं होईल." मी जरा विचार केल्यासारखं केलं. मग म्हणालो, "हात चांगला आहे त्याचा. पण भरवशाचा नाही. ऐनवेळी दगा देतो."

ते म्हणाले, "अरेरे." विषय संपला.

मास्टरला मी यातलं काही सांगितलं नाही. परतीच्या वाटेत मी त्याला माझ्या डब्यातली भाकरी दिली आणि त्याने ती आनंदाने खाल्ली.

*

पुढे डीजे आले. एका ट्रकवर मावेल एवढ्या आवाजापुढे आमच्या पेटीचं काय चालणार. कार्यक्रम कमी झाले, मग माझा आवाज बसला, मग पार्टी मोडली. ढोलकीवाला वारला. कोरसचे दोघं कुठे कुठे पांगले. मी निवृत्त होऊन मुलाकडे लातूरला आलो, मास्टर दुकान विकून मुलीकडे बिलोलीला गेला. माझे सत्कार झाले. शाली इतक्या झाल्या की बायकोने त्यांचे उशांचे अभ्रे शिवले. प्रत्येक सत्कारात वहीचं गाणं कुणीतरी म्हणायचं आणि प्रत्येक वेळी मी डोळे मिटून ऐकायचो, म्हणजे कुणाकडे पाहायला नको.

मुलगी येऊन गेल्यावर दोन महिन्यांनी माझ्या बायकोने सहज बिलोलीला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होतो. फोन ठेवून ती आत आली.

"अर्ज परत आला त्यांचा."

"का?"

"तुमच्या कागदामुळं. सलग कित्येक वर्षं कला केलेली पाहिजे म्हणे. कागदात अधूनमधून लिहिलंय. साहेब म्हणले, हौशी माणूस दिसतोय." ती पलंगाच्या कडेला बसली. "अधूनमधून लिहिलं तुम्ही?"

मी पेपर उचलून तोंडासमोर धरला.

"मग मी पण या घरात अधूनमधूनच भाकऱ्या थापल्या असतील."

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला समदं कळतं. तो मास्टर आल्यापासून कळतं. तुम्ही कार्यक्रमाहून आल्यावर गाण्याचं एक अक्षर सांगत नव्हते. नुसतं मास्टरनं हे केलं, मास्टरला लोकांनी ते दिलं. मला वाटायचं, यांनी माझ्याशी लग्न केलं का त्या बँजोवाल्याशी?"

एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी चिडलो नाही. रात्री कागद घेऊन बसलो आणि सकाळी देगलूरची एसटी धरली. तिथून बिलोली.

*

मास्टर ओसरीत खाटेवर बसला होता. उजवा हात मांडीवर, उशीसारखा ठेवलेला. मला पाहून उठायला लागला, मी बसवलं.

"या गुरुजी. लातूर मानवलेलं दिसून राहिलंय. पोट तुमच्या आधी घरात आलं."

"तुम्ही मात्र वाळलात मास्टर."

"मी न्हाई वाळलो. कपडे वाढलेत."

मुलगी पाणी घेऊन आली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं नाही. मी नवा कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, मोठ्याने वाच. तिने उभ्या उभ्या वाचला. की हे माझ्या पार्टीत सलग सत्तावीस वर्षं बँजोवादक होते. की एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. की खाली दिलेल्या आठ गाण्यांच्या चाली त्यांच्या आहेत आणि मी त्या आजवर माझ्या म्हणून सांगत आलो. वाचता वाचता तिचा आवाज बदलला. मास्टर अंगणातल्या कोंबडीकडे बघत होता.

"हे आताच का लिहिलं?" त्याने विचारलं.

"आधीच लिहायला पाहिजे होतं."

"ते तर हायच. मी विचारून राहिलो, आताच का?"

"बायको बोलली."

तो मोठ्याने हसला. "वहिनी बोलल्या होय. मग ठीक हाय. तुम्हाला आपोआप सुचलं म्हणला असता तर माझा विश्वास बसला नसता."

"मी तुमच्यावर जळत होतो, मास्टर."

"माहीत हाय की. दोन हातावर बसत होतो, आंधळा नव्हतो." तो हसायचा थांबला. "चालीचं मला लई लागलं न्हाई, गुरुजी. लोक म्हणत होते, मला ऐकू येत होतं, बास. पण उदगीरचं तुम्ही बरं केलं न्हाई."

मला वाटलं होतं की ही गोष्ट फक्त मला माहीत आहे.

"त्या मुंबईवाल्यांचा ढोलकीवाला देगलूरचा होता," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी मला भेटला. म्हणला, मास्टर, तुम्ही पिता का? म्हणलं, तोबा, का बरं? म्हणला, तुमचे गुरुजी म्हणले, भरवशाचा न्हाई."

"तरी तुम्ही माझ्याकडेच वाजवत राहिलात?"

"मग कुठं जाणार होतो? प्रमुखानं नावं ठेवलेला माणूस दुसरी पार्टी घेते का? तुम्हीच सांगा."

मुलगी आत निघून गेली. मी म्हणालो, माफ करा. त्याने मुलीने खाटेवर ठेवलेला कागद डाव्या हाताने जवळ ओढला. मग म्हणाला, "ते उदगीरचं या कागदात न्हाई."

"लिहितो."

"इथं नका लिहू. साहेबाला त्याचं काय. दुसरीकडं कुठं लिहा. पण लिहा." 

म्हणून हे लिहिलं आहे.

आम्ही कागद पुन्हा करायला बसलो. त्याने हट्ट धरला की नुसतं त्याचं नाव चालणार नाही, पार्टीतले सगळे लिहायचे. "ढोलकीवाल्याची बायको जिती हाय अजून. तिला कागदाचा काही उपयोग होईल न होईल, पण लिहा." मी ढोलकीवाल्याचं लिहिलं. कोरसमधल्या एकाचं लिहिलं. दुसऱ्याचं मला आठवेना. तो माणूस माझ्या मागे उभा राहून सोळा वर्षं गायला होता. त्याचा चेहरा, त्याची तपकिरी पँट, खोकला, सगळं आठवत होतं. नाव आठवत नव्हतं. मास्टरने नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी मुकाट्याने उतरवून घेतलं.

त्या कागदावर पुढे अर्ज मंजूर झाला. कार्डही आलं. मुलीने त्याचा फोटो माझ्या बायकोच्या मोबाइलवर पाठवला, मला नाही पाठवला. ते योग्यच आहे.

पण त्या दुपारचं एक राहिलं. शेवटी चालींची यादी आली. मी एकेक गाणं वाचत होतो आणि तो डोळे मिटून मान हलवत होता. सातव्यावर त्याने डोळे उघडले.

"ही माझी न्हाई."

"तुमचीच मास्टर. आठही तुमच्याच."

"न्हाई हो. नव्या घराचं गाणं न? ही चाल तुम्ही केली होती. सायकलवर येता येता. लई खुशीत दुकानात आला होता, गिऱ्हाइकांसमोर म्हणून दाखवली. देगलूरला गायली अन् एक माणूस टाळी वाजवंना. मग तुम्ही ती परत कधी गायली न्हाई."

"असू द्या की. एक जास्त गेली तर काय बिघडलं?"

"पडेल माल माझ्या नावावर कशाला घालून राहिले?"

आतून मुलीचं हसणं ऐकू आलं. त्या दिवसातलं तिचं पहिलंच. मास्टरने डावा हात पुढे करून माझ्याकडून पेन घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सातव्या ओळीवर वाकडीतिकडी रेघ मारली. रेघ दोनदा घसरली. मग पेन परत दिलं.

त्याला ती चाल फुकट मिळत होती. साहेबाला कळलं नसतं, मुलीला कळलं नसतं, मी तर स्वतः देत होतो. त्याने ठेवून घेतली नाही. आणि त्या खाटेसमोर बसल्या बसल्या, क्षमा मागायला आलेलो असताना, माझ्या पोटात पुन्हा तीच आग उठली. कंधारच्या पटांगणात उठली होती तशीच, तेवढीच. मला त्याच्यासारखं एकदाही करता आलं नव्हतं.

मी दुसरा कागद मागून घेतला आणि यादी नव्याने लिहायला घेतली. सात गाण्यांची.